जुनी इको घेताना: दिवे, डाग आणि फॉर्म तीस

३ नोव्हेंबर २०२५ रोजी टपालाने आलेल्या आरसीवर माझे नाव छापलेले पाहिले आणि ऑगस्टमध्ये सुरू झालेली आमची गाडीखरेदी एकदाची पूर्ण झाली. या काळात मी मारुतीच्या तीन जुन्या इको व्हॅन पाहिल्या, त्यांतल्या दोन नाकारल्या आणि तिसरी घेतली. गंमत अशी, की नाकारलेल्या दोन्ही गाड्यांच्या मीटरवर धोक्याचा एकही दिवा जळत नव्हता आणि जी घेतली तिचा चेक इंजिनचा दिवा पहिल्या दिवसापासून डोळे वटारून पाहत होता. हे असे का झाले ते सविस्तर लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला यातले काहीही कळत नव्हते.

मी मिरजेत राहते आणि पेटीची साथ करते. कार्यक्रमाला जायचे म्हणजे दोन तानपुरे, तबला-डग्गा, पेटी आणि चार माणसे. तानपुऱ्याचा भोपळा किती जपावा लागतो हे मिरजेत तरी कोणाला सांगावे लागत नाही, आणि साध्या मोटारीच्या डिकीत तो मावत नाही. दर वेळी भाड्याची गाडी करण्यात मानधनाचा मोठा वाटा जात असे, म्हणून पाच आसनी इको घ्यायची आणि मागची मोकळी जागा वाद्यांसाठी वापरायची असे आम्ही ठरवले. तीन लाखांच्या आत, कर्ज न काढता आणि शक्यतो एमएच-१० क्रमांकाची गाडी हवी होती, कारण दुसऱ्या परिवहन कार्यालयातली गाडी घेतली की फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणण्याचे काम वाढते. सीएनजीच्या गाड्या वगळल्या. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, शिवाय मागची जागा टाकीच अडवते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका वयस्क मिस्त्रींचे गॅरेज आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. एक गाडी पाहायला येण्याचे त्यांनी ७०० रुपये सांगितले. ‘आधी पैसे ठरवा ताई, मग मी विकणाऱ्याचा नाही, तुमचा माणूस,’ हे त्यांचे वाक्य मला पटले. मी स्वतः निदानाचे एक छोटे ब्लूटूथ यंत्र ८५० रुपयांना मागवले. डॅशबोर्डखाली जे निदानाचे सॉकेट असते त्यात ते खोचायचे आणि मोबाइलमधल्या मोफत अ‍ॅपवर इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेले कोड वाचायचे. भारतात चारचाकी गाड्यांना ओबीडी-२ ही, म्हणजे गाडीने आपले दोष आपणच नोंदवण्याची, व्यवस्था २०१३ पासून आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीवर हे यंत्र साधारणपणे चालते. यंत्र घेतल्यावर आधी ओळखीच्या एखाद्या गाडीला लावून सराव करावा. मी केला नाही, आणि पहिल्याच दिवशी विक्रेत्यासमोर पंधरा मिनिटे ब्लूटूथ जोडत बसले.

तो पहिला दिवस म्हणजे १० ऑगस्ट, रविवार. सांगलीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात २०१५ ची इको होती आणि मागणी दोन लाख चाळीस हजारांची होती. माझ्या यजमानांनी आल्या आल्या रंग आणि टायर पाहायला सुरुवात केली. चाचांनी मात्र दार उघडून किल्ली फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवली, इंजिन चालू केले नाही, आणि मला जवळ बोलावून दिवे मोजायला सांगितले. या अवस्थेत बॅटरीचा, ऑइल प्रेशरचा, चेक इंजिनचा आणि हँडब्रेकचा असे सगळे दिवे लागलेच पाहिजेत, कारण दिवे जिवंत आहेत हे गाडी अशा वेळी स्वतःच दाखवत असते. इंजिन सुरू झाले की ते एकेक करून विझतात. या गाडीत बाकीचे लागले, पण चेक इंजिनची जागा काळीच राहिली. चाचांनी किल्ली तीनदा फिरवून पाहिली.

‘बल्ब गेला असेल ताई, पन्नास रुपयांचं काम आहे,’ दुकानदार म्हणाला.

‘मग लावून ठेवा, आम्ही चहा पिऊन येतो,’ चाचा म्हणाले.

आम्ही परत आलो तेव्हा बल्ब लागलेला नव्हता. तोवर माझे यंत्र एकदाचे जोडले गेले आणि अ‍ॅपवर दोन गोष्टी दिसल्या. संगणकात तीन कोड नोंदलेले होते, आणि चेक इंजिनचा दिवा लावण्याचा आदेश संगणकाने दिलेला होता. हे आदेशाचे घर अ‍ॅपवर वेगळे दिसते, ते आवर्जून पाहावे. गाडी आपल्या परीने ओरडत होती, पण कोणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. बल्ब खरोखर गेलेला असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण तीन कोड असलेल्या गाडीचा नेमका तोच बल्ब जावा यावर विश्वास ठेवण्यासाठी दोन लाख चाळीस हजार ही रक्कम मोठी आहे. ज्या गाड्यांना एअरबॅग असते त्यांत याहून चलाख प्रकार चालतो. एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे किल्लीबरोबर तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. हे ओळखायचे असेल तर इंजिन सुरू न करता नुसती किल्ली ‘ऑन’ ठेवून थांबावे. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी आपला आपण विझायला हवा आणि ऑइलचा लागलेलाच राहायला हवा.

दिव्यांच्या रंगाबद्दलही चाचांनी त्या दिवशी परतीच्या वाटेवर समजावले. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या, लाल म्हणजे आत्ता थांबा. त्यातही चहाच्या किटलीसारखे चित्र असलेला लाल दिवा तेलाची पातळी सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर पंप दूर नाही, घर जवळ आहे, असला हिशेब न करता इंजिन जागच्या जागी बंद करायचे, नाही तर बेअरिंग घासून इंजिन बसते. मी गेली वीस वर्षे त्या दिव्याचा अर्थ ‘तेल थोडे कमी’ असा समजत होते.

दुसरी गाडी कोल्हापूरला, २४ ऑगस्टला. एमएच-०९ नको असे ठरवूनही गेलो, कारण २०१८ ची गाडी, फोटोत चकचकीत, आणि मागणी तीन लाख वीस हजार. प्रत्यक्षातही ती देखणी होती. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलल्यावर ते इतके स्वच्छ दिसले, की मला आनंद झाला आणि चाचांचा चेहरा पडला. आठ दिवस पावसात फिरलेल्या गाडीचे इंजिन आरशासारखे असेल तर ते नुकतेच धुतलेले आहे, आणि धुतलेल्या इंजिनावर तेलाची गळती दिसत नाही. मालकाने धुतल्याचे नाकारले नाही. गिऱ्हाईक येणार म्हणून धुतले, असे तो म्हणाला, आणि यात वावगे काही नाही. पाहुणे येणार म्हणून आपणही घर झाडतोच.

मीटरवरचे सगळे दिवे नियमाप्रमाणे लागले आणि विझले. यंत्रावर कोड शून्य. माझ्या मते काम झाले होते. पण अ‍ॅपमध्ये ‘रेडीनेस मॉनिटर’ नावाचा एक तक्ता असतो. इंजिनाचा संगणक गाडी चालताना धुरावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागांच्या काही चाचण्या आपल्या आपण घेत असतो, आणि प्रत्येक चाचणी पूर्ण झाली की नाही हे त्या तक्त्यात दिसते. कोणी यंत्र लावून कोड पुसले, किंवा बॅटरीची तार काढली, की या चाचण्या पुन्हा अपूर्ण होतात आणि गाडी निरनिराळ्या वेगाने बरेच अंतर चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. या गाडीच्या जवळजवळ सगळ्या अपूर्ण होत्या. म्हणजे पाटी कोरी होती ती चुका नसल्यामुळे नव्हे, नुकतीच पुसल्यामुळे होती. बॅटरी परवाच बदलली, असे मालक म्हणाला, आणि बॅटरी खरोखर नवी होती. त्यामुळे त्याला खोटे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. उपाय एकच होता, गाडी लांबवर चालवून पाहणे. त्याने हातकणंगल्यापर्यंत जाऊन येऊ दिले, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

परत येईपर्यंत दिवा लागला नाही, पण ‘पेंडिंग’ या सदरात पी०३०३ हा कोड उभा राहिला होता. त्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये अधूनमधून ज्वलन चुकते आहे. एखादा दोष पहिल्यांदा दिसला की संगणक तो आधी पेंडिंगमध्ये टाकतो, पुन्हा दिसला तर मग दिवा लावतो. म्हणून केवळ दिव्यावर विसंबू नये. ज्वलन चुकण्याचे कारण दोनशे रुपयांचा प्लगही असू शकतो, म्हणून चाचांनी परवानगी घेऊन तिसरा प्लग काढला. तो तेलाने माखलेला निघाला. तेल वरच्या पॅकिंगमधून प्लगच्या खोबणीत उतरले असेल तर काम स्वस्तातले, पण प्लगच्या आतल्या टोकावर तेलाची काजळी असेल तर ते तेल इंजिनाच्या आतून, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सिलांमधून, येत असणार. टोक काळे आणि ओले होते. मालक किमतीत पाच हजारांपेक्षा जास्त उतरायला तयार नव्हता. यजमानांचे मन त्या पांढऱ्या रंगावर जडले होते, त्यामुळे परतीचा प्रवास फार बोलका झाला नाही.

नंतर २७ ऑगस्टपासून गणपती. दहा दिवस रोज कार्यक्रम, रोज भाड्याची गाडी, आणि प्रत्येक भाड्यागणिक कोल्हापूरच्या गाडीची आठवण. याच काळात, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेने छोट्या मोटारींवरचा कर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. चार मीटरपेक्षा आखूड आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची इको त्यात बसते. नवी गाडी २२ सप्टेंबरपासून स्वस्त होणार म्हटल्यावर जुन्या गाड्यांचे विक्रेते आपण होऊन फोन करू लागले. त्यात ७ सप्टेंबरनंतर पितृपंधरवडा लागला. या पंधरा दिवसांत वाहन घेणारे फार थोडे असतात, त्यामुळे गाडी निवांत तपासायची असेल तर याहून चांगला काळ नाही, असे मी आता नक्की म्हणेन. सासूबाईंचा मात्र स्पष्ट विरोध होता. ‘पक्षात पाहा हवं तर, पण घरात आणू नका,’ अशी तडजोड त्यांनीच सुचवली, आणि ती मला सोयीचीच होती.

तिसरी गाडी मिरजेतलीच निघाली. नोव्हेंबर २०१७ ची नोंदणी, एकच मालक, ६८ हजार किलोमीटर, एसी असलेली पाच आसनी पेट्रोल इको. मालक निवृत्त शिक्षक. मागणी तीन लाख पाच हजार. ९ सप्टेंबरच्या संध्याकाळी पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितले, ‘चेक इंजिनचा दिवा दोन महिन्यांपासून जळतोय आणि खाली कुठंतरी तेलाचा थेंब पडतो. मला त्यातलं कळत नाही, तुम्ही तपासून घ्या.’ मला हे ऐकून परत फिरावेसे वाटले होते. चाचांनी उलट खुर्ची मागवली.

दिव्याचे निदान त्याच संध्याकाळी झाले. कोड एकच होता, पी०१३५, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरमधल्या हीटरच्या विद्युतमार्गात दोष. कोड वाचून लगेच सेन्सर बदलणे ही चूक पुष्कळ लोक करतात. कोड फक्त मार्ग सांगतो, भाग सांगत नाही. फ्यूज, तार, जोडणी आणि सेन्सर असे चार संशयित असतात आणि सर्वांत महाग तो शेवटचा. चाचांनी फ्यूज पाहिला, तो ठीक होता. मग सेन्सरची जोडणी सोडवून मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजला, तोही शाबूत होता. तारेचा माग काढत गेल्यावर सीटखाली आवरण कुरतडलेले आणि आतली तार तुटत आलेली दिसली, शेजारी भुईमुगाची टरफले. उंदीर. पावसाळ्यात उबदार इंजिनाशेजारी त्यांचे बिऱ्हाड असते. तारेचे काम ३५० रुपयांचे होते, पण चाचांनी त्या दिवशी ते केले नाही आणि कोडही पुसला नाही, कारण गाडी अजून आमची नव्हती आणि उरलेल्या चाचण्यांचा तक्ता त्यांना जसाच्या तसा हवा होता. बाकी जवळपास सगळ्या चाचण्या पूर्ण होत्या, म्हणजे या गाडीची पाटी अलीकडे कोणी पुसलेली नव्हती.

तेलाला मात्र पाच दिवस लागले.

पहिली अडचण पावसाची. ओल्या गाडीखाली सगळेच ओले असते. म्हणून गुरुजींच्या शेडमध्ये रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा कोरा पुठ्ठा पसरला, चारही चाकांच्या जागा खडूने आखल्या आणि सकाळी पुठ्ठा बाहेर काढून उजेडात पाहिला. आखणीमुळे कोणता डाग कोणत्या भागाखालचा हे नेमके कळते. दोन डाग होते. एक इंजिन आणि गिअर बॉक्स जिथे जुळतात त्याच्या खाली, तपकिरी काळा, बोटांत पातळ. दुसरा मागच्या डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीखाली, लहान पण घट्ट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. इको मागच्या चाकांनी चालते, त्यामुळे मागे डिफरन्शियलमध्ये वेगळे तेल असते आणि त्याचा हा वास एकदा घेतला की विसरत नाही. हिरवट किंवा निळसर आणि गोडसर वासाचे पाणी असते तर ते कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पाण्यासारखा पण बुळबुळीत डाग असता तर ब्रेक ऑइल, आणि त्या डागावर तर गाडी हलवूच नये. एसी चालवल्यावर पडणारे स्वच्छ पाणी निरुपद्रवी असते.

मागच्या डागाचा उलगडा लवकर झाला. पुढून येणारा शाफ्ट डिफरन्शियलमध्ये शिरतो तिथले सील झिरपत होते. भरण्याचे बूच उघडून चाचांनी आत बोट घालून पाहिले, तेलाची पातळी बरोबर होती, म्हणजे गळती जुनी किंवा मोठी नव्हती.

पुढचा डाग भीतीचा होता. त्या जागी थेंब पडण्याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील, जे बदलायला गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो, खर्च चाचांच्या अंदाजाने सहा-सात हजार. दुसरे म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, टॅपेट कव्हरचे, पॅकिंग. तिथून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत त्याच जागी येऊन थेंब धरते. तेल नेहमी खाली उतरते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीचीच असेल असे नाही. सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली असलेली जागा शोधावी लागते. आठ वर्षांच्या धुळीत माखलेल्या इंजिनावर ती दिसणे शक्य नव्हते.

११ सप्टेंबरला गुरुजींच्या परवानगीने इंजिनाचा तेवढा भाग डिझेल आणि ब्रशने धुतला, कापडाने कोरडा केला आणि रात्रभर वाळू दिला. कोल्हापूरला धुतलेले इंजिन पाहून नाराज झालेले चाचा आता स्वतःच इंजिन धुताना पाहून यजमानांनी तसे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, ‘धुण्यात काही वाईट नाही साहेब. धुतल्यावर किती किलोमीटर चालवू देतात ते बघायचं.’ १३ तारखेला सकाळी त्यांनी घामोळ्याच्या पावडरीचा डबा काढला आणि टॅपेट कव्हरच्या कडेला, ऑइल प्रेशर स्विचच्या भोवती, खालच्या तेलाच्या चेंबरच्या जोडावर आणि गिअर बॉक्सच्या तोंडाशी पावडर भुरभुरली. मग कवठेमहांकाळपर्यंत जाऊन परत आलो, वाटेत मुद्दाम चढावर इंजिन ताणले.

सीट उचलली तेव्हा उत्तर खडूने लिहिल्यासारखे दिसत होते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून एक ओली रेघ पांढऱ्या पावडरीतून सरळ खाली उतरली होती. गिअर बॉक्सच्या घुमटाला खाली जे भोक असते ते आतून कोरडे होते. क्रँकचे सील गळत असते तर तेल तिथून बाहेर पडले असते. मला इतका आनंद झाला, की मी शेडमध्ये उभ्या उभ्या गुरुजींना सांगून टाकले, आणि घासाघीस करण्याची माझी अर्धी ताकद तिथेच संपली. तुम्ही असे करू नका.

पॅकिंग का गेले हेही पाहावे लागते. इंजिनाच्या श्वासनळीतला पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तर आतला दाब वाढून तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येते, मग नवे पॅकिंगही टिकत नाही. तो काढून हलवला, खुळखुळ वाजला, म्हणजे मोकळा होता. पॅकिंगचे रबर आठ वर्षांच्या उष्णतेने लाकडासारखे कडक झाले होते, एवढेच. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहिले, धुराचा लोट आला नाही. झाकणाखाली किंचित पांढरट फेस होता. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण हेड गॅस्केट गेले की तेलात पाणी मिसळून असाच फेस होतो असे मी वाचले होते. चाचांनी ऑइल गेज काढून दाखवले, त्यावरचे तेल स्वच्छ होते, कूलंटची पातळीही जागेवर होती आणि त्यावर तेलाचा तवंग नव्हता. पावसाळ्यात गाडी रोज दोन किलोमीटर फिरवून बंद केली, की झाकणाखाली दव धरते. गुरुजी गाडी रोज भाजीला नेत होते.

शेवटची परीक्षा तापलेल्या इंजिनाची. गरम तेल पातळ होते आणि दाब सर्वांत कमी असतो तो अशा वेळी, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना. थंड गाडीत न लागणारा तेलाचा लाल दिवा अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर उभ्या गाडीत लुकलुकला, तर आतली झीज किंवा पंपाचा दोष समजावा. आम्ही एसी लावून दहा मिनिटे मीटरकडे पाहत बसलो. लुकलुकला नाही. चारही सिलिंडरचे काँप्रेशन ६०० रुपये देऊन मोजले, आकडे एकमेकांच्या जवळचे आले. काढलेले चारही प्लग कोरडे आणि विटकरी तपकिरी होते.

१४ सप्टेंबरला दोन लाख बासष्ट हजारांवर व्यवहार ठरला आणि दहा हजार टोकन दिले. टोकनच्या कागदावर काय लिहावे याचा एक सल्ला: कर्जाचा बोजा नोंदीतून उतरल्याशिवाय आणि थकीत चलन भरल्याशिवाय उरलेली रक्कम देय नाही, हे स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मला ते सुचले कारण आदल्या रात्री मी एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीची नोंद पाहिली होती आणि तिथे कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव अजून झळकत होते. गुरुजींनी कर्ज २०२१ मध्येच फेडले होते, पण परिवहनच्या नोंदीतून बोजा उतरवायचा राहून गेला होता. बँकेने तेव्हा दिलेले ना-हरकत पत्र सापडत नव्हते, आणि सापडले असते तरी इतके जुने पत्र चालले नसते. नव्या पत्रासाठी आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ वरच्या शिक्क्यासाठी आठ दिवस गेले.

२२ सप्टेंबरला घटस्थापना होती. त्या सकाळी बँकेचे पत्र हातात आलेले पाहून उरलेले पैसे खात्यात भरले, मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर गुरुजींच्या सह्या घेतल्या, चासी क्रमांकाचा पेन्सिलने छाप घेतला, आणि गाडी चाचांच्या गॅरेजमार्गे घरी आणली. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ किंवा घेऊ नयेत. गुरुजींनी ते आग्रहाने सांगितले आणि प्रत्येक रकाना आपल्या सुवाच्य अक्षरात स्वतः भरला.

पुढचे काम कोणामुळे अडले असे नाही, क्रम माहीत नसल्यामुळे लांबले. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी विक्रेत्याच्या नोंदलेल्या मोबाइलवर जातो आणि गुरुजींचा २०१७ चा क्रमांक बंद झालेला होता. म्हणून आधी मोबाइल बदलणे, मग बोजा उतरवणे, मग उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि शेवटी मालकी बदल, असा क्रम लागला. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती प्लेट महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि तिच्याशिवाय मालकी बदलाचा अर्ज पुढे सरकत नाही. पावती ८७९ रुपये १० पैशांची झाली आणि प्लेट बसवण्याची तारीख तेरा दिवसांनंतरची मिळाली. खरेदीदाराने तीस दिवसांत कळवायचे असते, त्या मुदतीत आमचा अर्ज बसला. मालकी बदलाचे शासकीय शुल्क खासगी मोटारीला ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. एजंटने साडेतीन हजार सांगितले होते. कोणाला वेळ नसेल तर त्याने द्यावेत, मी दोन सकाळी दिल्या.

विम्याचे नाव बदलायला चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो, हे मात्र मला वेळेवर कळले. विना-दावा सवलत माणसाची असते, गाडीची नाही. गुरुजींची सवलत त्यांच्याकडे राहिली आणि फरकाचे १,१४० रुपये मी भरले.

गॅरेजचा हिशेब असा झाला: टॅपेट कव्हरचे पॅकिंग मजुरीसह ९५०, मागचे सील १,०८०, तार ३५०, इंजिन ऑइल आणि फिल्टर १,६५०. तार जोडून कोड पुसल्यावर मी यंत्र खोचूनच ठेवले. नवरात्रातल्या कार्यक्रमांसाठी आठवडाभर धावाधाव झाली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी रेडीनेसच्या तक्त्यात सगळ्या चाचण्या पूर्ण दिसल्या, कोड शून्य, पेंडिंग शून्य. यजमानांना तो पडदा दाखवला, तेव्हा त्यांनी कोल्हापूरच्या गाडीचा विषय पहिल्यांदाच स्वतःहून सोडून दिला.

फ्रिजच्या खोक्याचा तो पुठ्ठा गुरुजींनी गाडीबरोबर देऊन टाकला. रोज रात्री मी तो गाडीखाली सरकवते आणि सकाळी पाहते. जुने दोन डाग खडूच्या खुणांसकट तसेच आहेत, तिसरा अजून पडलेला नाही.